प्रभुभोजनाचा पेला तीन वर्षं पुढे सरकवतेय, थोरल्या दिरांना माफ कसं करू?

नगरची_सून
सगळ्यांना जय ख्रिस्त. लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला, आज लिहितेच.

2019 ला सासऱ्यांची जमीन विकली, त्यातले आमच्या वाट्याचे चार लाख थोरल्या दिरांकडेच राहिले, ते म्हणाले माझ्याकडे असू द्या, लागतील तेव्हा घ्या, आम्हीही घरातलीच गोष्ट म्हणून कागद वगैरे काही केला नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये मिस्टरांना कोविड झाला, ऑक्सिजन 82, बेड मिळाला पण डिपॉझिट भरा म्हणाले. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून दिरांना फोन केला. ते म्हणाले "आत्ता नाहीत" आणि ठेवून दिला. पाटल्या आणि आईची बोरमाळ मोडली, देवाच्या कृपेने मिस्टर घरी आले. त्यानंतर दोनच महिन्यांत दिरांच्या दारात नवी गाडी उभी राहिली. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जाऊबाईंचा फोन आला, "एकदा येऊन जा, तुझी आठवण काढतात." सॉरी नाही, पैशांचा विषय नाही, फक्त येऊन जा.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात पुढे येतो, ते पेले एकमेकांना लागून किणकिणतात ना, तो आवाज जवळ येऊ लागला की माझ्या पोटात गोळा येतो. मी पेला न घेता ट्रे शेजारच्या बाईंकडे देते. तीन वर्षं झाली. प्रभूच्या प्रार्थनेत सुद्धा "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आलं की माझे ओठ बंद होतात, कारण माझा ऋणी खरोखरचा ऋणी आहे, वहीत आकडा लिहून ठेवलाय मी. खोटं कसं बोलू देवासमोर?

पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले माफ करा, हलकं वाटेल. पण कसं करतात ते कोणी सांगत नाही.

आशीर्वादित_77
ताई प्रार्थनेत आठवण ठेवते. माफ करून टाका, मनात ठेवू नका, आपल्यालाच त्रास होतो 🙏

दौंड_लाईन
बाळा, वरच्या ताईंचा भाव चांगला आहे पण "टाका" म्हटल्याने टाकलं जात नाही, ते तुलाही कळतंय म्हणूनच तू इथे लिहिलंस. मी रिटायर्ड शिक्षक, गणित शिकवायचो, त्यामुळे बायबलातल्या मत्तय 18 मधला तो माफ न करणाऱ्या चाकराचा दाखला मी नेहमी पाटीवर आकडे मांडून वाचतो. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या चाकराचं देणं आहे दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आज पाचशे रुपये रोज धर, तीन हजार कोटी होतात. तो चाकर राजाला म्हणतो मला थोडी मुदत द्या, सगळं फेडतो! कसं फेडणार? राजानं मुदत दिलीच नाही, सगळं देणंच सोडून दिलं.

आता दुसरा आकडा बघ, बहुतेक लोक इथे चुकतात. याच चाकराला त्याच्या जोडीदार चाकराकडून येणं होतं शंभर दीनार. प्रवचनात सांगतात की ती क्षुल्लक रक्कम होती. नव्हती गं. साडेतीन महिन्यांची मजुरी ती, आजचे पन्नास हजार, गरिबाच्या घरात कंबर मोडेल इतकी. प्रभूने दाखल्यात मुद्दाम झोंबणारी रक्कम घातली असं मला वाटतं. तुझे चार लाख आणि तुझी बोरमाळ क्षुल्लक आहे असं प्रभू म्हणत नाही, कोणी तसं म्हटलं तर ऐकू नकोस.

चूक कुठे झाली, तर तो चाकर राजाच्या दरबारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात अजून फेडायचंच चाललं होतं. त्याला सूट मिळाली पण ती त्याला पोचलीच नाही, म्हणून बाहेर आल्या आल्या त्याने दुसऱ्याची मानगूट धरली, कुठून तरी पैसे उभे करायला हवेत ना! तुझी वही बंद कर असं मी आत्ताच म्हणत नाही. आधी इतकंच विचारतो, देवाकडे तुझी जी वही होती ती फाडली गेलीय हे तू मनातून मानतेस का? की तिथेही तू अजून हप्ते भरतेयस, उपास करून, प्रभुभोजन न घेऊन?

नगरची_सून
काका, शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. हो. मी ते शिक्षा म्हणूनच करतेय स्वतःला. प्रभुभोजन अयोग्य रीतीने खाल तर दोषी व्हाल असं लिहिलंय ना पण?

मधल्या_बाकावरचा
लिहिलंय, पण 1 करिंथ 11, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, अख्खा वाचा. तिथे चाललं काय होतं तर जे खाऊन पिऊन सुखी होते ते आधी येऊन जेवून घ्यायचे आणि गरीब भाऊ उशिरा येऊन उपाशी राहायचे, पौल त्यावर चिडलाय. "अयोग्य प्रकारे" म्हणजे ती रीत, अयोग्य माणूस असं नाही, योग्य माणसांनीच यायचं ठरलं तर मेज रिकामंच राहील. आणि पुढे तो लिहितो की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून निघून जावं असं नाही लिहिलंय. लूक 22 मध्ये तर प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. मी स्वतः वडिलांशी अबोला धरून चार वर्षं प्रभुभोजन टाळलं होतं, त्याने अबोला सुटला नाही, उलट घट्ट झाला. ज्या रविवारी रागासकट जाऊन घेतलं त्यानंतर दोन आठवड्यांनी मी वडिलांना फोन केला.

स्पष्ट_बोलते
मला थोडं वेगळं म्हणायचंय, रागावू नका कोणी. आपल्या मंडळीत कृपेच्या नावाखाली नेहमी ज्याचं नुकसान झालं त्यालाच गप्प बसवतात, विशेषतः सुनांना. माफ करणं वेगळं आणि जे झालं ते झालंच नाही म्हणणं वेगळं. ग्लॅडिस स्टेन्स आठवतात? 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती आणि दोन लहान मुलं गाडीत जाळली. त्या बाईने माफ केलं असं जाहीर सांगितलं आणि पुढची काही वर्षं तिथेच बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. पण केस मागे घ्या असं नाही म्हणाल्या, कायदा त्याचं काम करेल ही त्यांची भूमिका होती. त्यांचा राग गेला म्हणून कोर्ट बंद नाही झालं. तर ताई, तुम्ही माफ करा पण पुन्हा त्या घरात बिनकागदाचा एक रुपयाही ठेवू नका, आणि जाऊबाईंना शांतपणे सांगा की तो हिशोब बाकी आहे. सोडायचाच असेल तर तुम्ही आणि मिस्टर दोघांनी बसून ठरवून सोडा, कोणाच्या दबावाने नको.

दौंड_लाईन
स्पष्ट बोलते यांचं बरोबर आहे, मला पटलं. काय देणं आहे हे माहीत असल्याशिवाय सोडणार काय? राजानेही आधी हिशोबच मांडला होता.

अजून एक सांगायचं राहिलं. माझी पणजी छप्पन्नच्या दुष्काळात (संवत 1956, म्हणजे इ.स. 1899-1900) गुजरातेतून दौंडजवळच्या केडगावला आली, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती या आश्रमात वाढली. आमच्या घरात ती कायम सांगायची की बाईंना आम्ही कोण आहोत ते विचारायची गरज नव्हती, कारण बाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेलेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळायचाय. विद्वान बाई, सगळं शास्त्र तोंडपाठ, आणि तरी फुकट घ्यायला इतकी वर्षं लागली. मुलींनी भरलेलं केडगाव त्याच्यानंतरचं. ज्या बायकांना समाजाने टाकलं होतं त्यांच्यासाठी तिथे वेगळं घर काढलं त्याचं नावच कृपासदन. तेव्हा तुला तीन वर्षं लागली याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

नगरची_सून
काल रात्री मिस्टरांशी बोलले. ते म्हणाले, मी तर जिवंत आहे, मला दादाला बघायचंय, पैशाचं तू म्हणशील तसं. मला तर वाटत होतं की त्यांच्या वाटचाही राग मीच धरायला हवा. वही अजून कपाटात आहे, फाडवत नाही, पण ऋणी हा शब्द आज प्रार्थनेत तोंडातून निघाला, हळू का होईना. गुरुवारी त्यांचं डायलिसिस असतं, तेव्हा जाऊ म्हणतोय. राग पूर्ण गेलेला नाही हे खरं सांगते. शहाळं घेऊन जाऊ का? आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं.

नाईट_ड्युटी_सिस्टर
थांबा थांबा, शहाळं अजिबात नको!! मी डायलिसिस युनिटला सात वर्षं आहे. शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, संत्री, सुकामेवा सुद्धा नको. पाणी पण त्यांना मोजून असतं, आग्रह करून चहा पाजू नका. एक सफरचंद चालतं बहुतेकांना, तरी जाऊबाईंना फोन करून डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारून घ्या.

आणि एक बघितलेलं सांगते. चार तास सुई टोचलेला हात हलवता येत नाही, नाक खाजलं तरी दुसऱ्याला सांगावं लागतं, थंडी वाजते, तेव्हा पांघरूण वर ओढायला कोणीतरी लागतं. बोलायला काही सुचलं नाही तरी तेवढं करता येईल.

नगरची_सून
जाऊबाईंना विचारलं. सफरचंद चालतं, सोलून, अर्धं. घरातली पातळ शाल पण घेतेय.