मॉरिशसची दालपुरी लाटताना फाटते, काय चुकतंय?

कर्वेनगरची_आई

नमस्कार. जरा घाईने विचारतेय. लेकाचं लग्न ठरलंय. मुलगी मॉरिशसची, पण मराठीच. तिच्या खापरपणजोबांना रत्नागिरीकडून जहाजात बसवून उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. घरात आता क्रिओल बोलतात, पण गणपती बसतो आणि आरती मराठीतच होते. पुढच्या महिन्यात तिचे आईवडील आणि ८१ वर्षांच्या आजी पुण्यात येताहेत. एवढ्या लांबून आलेल्या आजींच्या ताटात पहिल्याच दिवशी त्यांच्या घरचं काहीतरी असावं, असं मला फार वाटतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "काकू, आजीला दालपुरी मिळाली की बाकी काही नको."

काल करून पाहिली. हरभऱ्याची डाळ, कुकरला तीन शिट्ट्या, पुरणयंत्रातून काढली, मीठ आणि जिरेपूड घातली. सातातल्या पाच फाटल्या, सारण तव्यावर पडून करपलं. धड निघालेल्या दोन तिने खाल्ल्या आणि हळूच म्हणाली, "छान आहे, पण पुरणपोळीसारखी लागते." पुरणपोळी मी तीस वर्षं लाटतेय, ती कधी फुटत नाही. मग हिचंच काय होतंय?

वाकोआत_चार_वर्षं

ताई, तुमचा हात पुरणपोळीचा आहे ना, तिथेच घोळ होतोय. पुरणात गूळ असतो. त्याने ते चिकट होतं आणि लाटताना पारीबरोबर सरकतं. दालपुरीत गूळ नाही. त्यामुळे सारण ओलं राहिलं की पारी भिजते आणि फाटते. ते कोरडं, भुगाच हवं.

मिस्टरांच्या नोकरीमुळे मॉरिशसमध्ये वाकोआला होतो तेव्हा शेजारच्या बाईंनी मला ओट्याशी उभं करून शिकवली. डाळ हरभऱ्याची नाही, पिवळ्या वाटाण्याची. रात्री भिजवायची आणि कुकर न लावता उघड्या पातेल्यात हळद घालून शिजवायची. दाणा बोटांत दाबला तर तुटला पाहिजे, पण त्याचा गाळ होता कामा नये. चाळणीवर निथळून कापडावर पसरायची. पूर्ण गार झाली की पाणी अजिबात न घालता मिक्सरला फिरवायची आणि चाळून घ्यायची, कारण एखादा कण राहिला तरी तो पारीला भोक पाडतो. मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि बोट लावताच सुटला की जमलं. मग मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

आता मुख्य गोष्ट. निथळलेला कट आमटीला ठेवू नका! त्याच पाण्यात मैदा भिजवायचा, तेल घालून, पुरणपोळीसारखाच सैल. पुरीचा पिवळा रंग आणि डाळीचा वास तिथूनच येतो. तासभर झाकून ठेवा. उंडा भरल्यावर हलक्या हाताने पातळ लाटा आणि तव्यावर तेल लावून पटकन उलटा. डाग पडू द्यायचे नाहीत. उतरवल्या की कापडात एकावर एक झाकून ठेवा, म्हणजे मऊ राहतात. आजींसाठी ते महत्त्वाचं.

आणि वाढताना दोन-दोन वाढा. तिथे दालपुरी जोडीनेच देतात.

भुसारमाल

सोबतच्या उसळीला तिकडे ग्रो पोआ म्हणतात. ते दाणे म्हणजे आपली डबल बी. रविवार पेठेत भुसार दुकानांत सहज मिळेल. दुसरं लागतं ते रुगाय: कांदा, लसूण, आलं, टोमॅटो आणि थाईमच्या काड्या, घट्ट होईपर्यंत परतायचं. थाईम नाही मिळालं तर चिमूटभर ओवा चुरडून टाका. दोन्हींत थायमॉल असतं, वास बराच जवळ जातो. वर कोथिंबिरीची तिखट चटणी.

आजोळ_देवरुख

थोडं अवांतर, पण आजींशी बोलताना उपयोगी पडेल. दालपुरी मुळात भोजपुरी लोकांची. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरू लागले, त्यांत बिहारकडचे सर्वांत जास्त. ते उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आपली कोकणी माणसं मुंबईहून गेली आणि एकाच मळ्यावर राहता राहता त्यांच्या तव्यावरही ही पुरी आली. म्हणून ती पुरणपोळीशी ताडून पाहू नका, दोन्ही त्यांच्याच आहेत. प्यायला आलुदा करा: गार दूध, व्हॅनिला, भिजवलेला सब्जा आणि चायना ग्रासची जेली किसून. आपल्या मस्तानीसारखा दाट नको, घोटाघोटाने पिता आला पाहिजे.

कर्वेनगरची_आई

आज पुन्हा केली. वाटाण्याची डाळ, कटात भिजवलेला मैदा, सगळं सांगितल्याप्रमाणे. बारातली एकच फाटली, तीही माझ्या घाईमुळे. मुलीने दोन पुऱ्या एकावर एक ठेवल्या, मधोमध डबल बी आणि रुगाय घातलं, गुंडाळी करून कागदात धरली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली. काही बोलली नाही. दुसरी जोडी मागितली.

एकच शंका. विमान पहाटेचं आहे. पुऱ्या आदल्या रात्री करून ठेवू का?

वाकोआत_चार_वर्षं

पुऱ्या नको, वातड होतील. सारण आणि कट रात्री फ्रिजमध्ये ठेवा. कट सकाळी कोमट करून मैदा भिजवा आणि आजी अंघोळीला गेल्या की लाटायला घ्या.