डाफ्ट पंकचा ‘होमवर्क’ : मला नेमकं काय ऐकू येत नाहीये?

रानजाई (नाशिक)
नमस्कार मंडळी. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ हा अल्बम मला जवळपास पाठ आहे. म्हणून मागे मागे जात त्यांच्या पहिल्या अल्बमपर्यंत पोचले, १९९७ चा ‘होमवर्क’. १६ ट्रॅक, सव्वा तास. निम्म्यातच दमले. ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये तेच तीन शब्द सात मिनिटं! दादा म्हणतो की यांचं सगळ्यात भारी काम हेच. हॉस्टेलवर रात्री मोबाईलवर, हळू आवाजात ऐकलाय. माझं कुठे चुकतंय, की खरंच एवढंच आहे?

बेसबॉक्स (मिरज)
ताई, अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून खालचा आवाज बाहेरच पडत नाही, आणि या अल्बमची सगळी गंमत खालीच आहे.

मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो. लग्नं, गणपती, नाटकाचे दौरे. ‘होमवर्क’ मला एका मित्रानं सीडीवर कॉपी करून दिला होता. गोडाऊनमध्ये दुरुस्त केलेला बेस बॉक्स तपासायला म्हणून लावला, आणि तपासणी बाजूलाच राहिली.

‘रिव्होल्यूशन ९०९’ची सुरुवात ऐका. कार्यालयाच्या बाहेर पार्किंगमध्ये उभं राहिलं की आतलं गाणं जसं ऐकू येतं, वरचे, बारीक आवाज कापलेलं, नुसती धपधप, अगदी तसं. मग सायरन. मग पोलिसांचा आवाज, की गाणं बंद करा आणि घरी जा. रात्री दहाच्या ठोक्याला मिक्सरवरचा मास्टर खाली ओढताना समोरच्या पोरांचे चेहरे मी किती वेळा पाहिलेत! पॅरिसच्या पोरांनी ते बरोबर पकडलंय. आणि त्यानंतर बीट उघडा होऊन येतो, तेव्हा दार उघडून आत शिरल्यासारखं वाटतं. एक नॉब हळूहळू फिरवायचा, आवाज मिटवायचा नि परत उमलवायचा, या एवढ्याशा करामतीवर त्यांनी कितीतरी जागा उभ्या केल्यात.

‘अराउंड द वर्ल्ड’चे शब्द १४४ वेळा येतात, खरं आहे. पण शब्दांकडे कान देऊच नका. मिशेल गोंड्रीनं केलेला व्हिडिओ लावा. त्यात नाचणाऱ्यांची प्रत्येक टोळी म्हणजे एकेक वाद्य आहे. ममी म्हणजे ड्रम, सांगाडे म्हणजे गिटार, रोबो म्हणजे तो यंत्रासारखा आवाज. पायऱ्यांवर चढउतार करणारे उंच गडी म्हणजे बेस. सूर वर गेला की ते वर, सूर उतरला की ते खाली. एका वेळी एकाच टोळीवर नजर ठेवा.

आणि ‘टीचर्स’ वगळू नका. त्यात ज्यांच्याकडून शिकले त्यांची नुसती नावं घेतलीत, पॉल जॉन्सन, डीजे फंक, डीजे स्नीक, बहुतेक शिकागोकडची मंडळी. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात ना, तेच हे. विशीतल्या पोरांनी पहिल्याच अल्बममध्ये केलंय. मला फार आवडतं ते.

पुणेरी कान
वरच्या उत्तरात थोडी भर. हा अल्बम मोठ्या स्टुडिओत नाही, जोडीतल्या थॉमस बांगाल्तेरच्या घरी, त्याच्या खोलीत झाला. नाव तिथूनच. यातलंच ‘दा फंक’ आधी १९९५ मध्ये ग्लासगोच्या सोमा या छोट्या कंपनीनं काढलं होतं. थॉमसचे वडील डॅनियल व्हांगार्ड म्हणजे ओटावान या फ्रेंच डिस्को जोडीच्या गाण्यांमागचा माणूस. ‘डिस्को डान्सर’मधलं ‘जिमी जिमी’ ओटावानच्याच एका गाण्यावर बेतलेलं आहे, म्हणजे त्या घरातला सूर आपल्या वरातींत कधीच पोचलाय.

‘दा फंक’मधला तो चिकट, कुरकुरणारा आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरचा. मूळ यंत्र गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून केलेलं, त्या कामी फारसं खपलं नाही. मुंबईत चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्येच त्यावर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तीही ऐका.

मात्र ‘रोलिन अँड स्क्रॅचिन’बद्दल मी तुमच्याच बाजूचा. तो कर्कश आवाज मला आजही सोसत नाही.

बेसबॉक्स (मिरज)
@पुणेरी कान, ते मोठ्या जागेत, उभं राहून ऐकायचं आहे हो. खोलीत बसून नाही जमणार.

रानजाई (नाशिक)
मनापासून आभार. रविवारी काकांकडे गेले होते, त्यांच्या जुन्या होम थिएटरवर लावला. बेस आधी जमिनीतून तळपायाला लागला, मग कानाला. व्हिडिओ तीनदा पाहिला, पायऱ्यांवरच्या लोकांवरच नजर ठेवून. तिसऱ्या वेळी शब्द मागे पडले आणि नुसती ती चढउतार ऐकू येत राहिली. काकू स्वयंपाकघरातून विचारत आल्या, हे किती वेळ चालणार आहे. म्हटलं, अजून एकदा.