मदत हवी आहे: जर्मनीत लेकाला मित्र कसे मिळतील?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. धाकटा लेक नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेलाय. काम चांगलं आहे, पण पोरगं एकटं पडलंय. इथं संध्याकाळ झाली की रंकाळ्यावर आठ-दहा जणांचं टोळकं ठरलेलं. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच असली की जेवायलाही घरी यायचा नाही. तिथं रविवारी दुकानंसुद्धा बंद. परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, ताटात नुसता भात आणि मी दिलेली कांदा-लसूण चटणी. म्हणाला, "आई, शुक्रवारनंतर आत्ताच कुणाशी तरी बोलतोय." रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

ऑफिसात सगळे नीट वागतात, पण काम सुटलं की जो तो आपल्या घरी. तिथल्या खेळाच्या क्लबांना 'फेराइन' म्हणतात, वर्गणी भरून सभासद होता येतं, असं वाचलं. त्याची जर्मन जेमतेम ए-टू पातळीपर्यंतची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती; तेवढ्यावर फुटबॉलला घेतील का? की आधी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या मोठ्यांसाठीच्या शिक्षणकेंद्रात, संध्याकाळचा भाषेचा वर्ग लावावा? नुसत्या मराठी मंडळातच रमला तर तिथला कधी होणार नाही, असं मला वाटतं. पण गणपतीला तरी आपली माणसं दिसावीत.

तिकडं राहिलेल्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा. तुम्हाला पहिला मित्र कुठं भेटला, आणि किती दिवसांनी?