मदत हवी आहे: पर्ड्यू या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल संघाचे २०२५-२६ मोसमात सुरुवातीला उतरणारे पहिले पाच कोण, आणि बेंचवरून बदली कोण?

४० मिनिटांच्या सामन्यात पाच जागांची मिळून २०० मिनिटं होतात, अंदाज तिथूनच मांडतोय. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन यांना मिळून साधारण १०० मिनिटं दिली. गाडी उरलेल्या १०० वर अडलीये.

साउथ डकोटा स्टेट विद्यापीठातून आलेला ऑस्कर क्लफ सेंटरला (रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या जागी) धरला की कॉफमन-रेन पॉवर फॉरवर्डला (दुसऱ्या मोठ्या खेळाडूच्या जागी) सरकतो. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) सुधारतील, पण दोघंही रिंगजवळ आत खेळणारे, त्यामुळे स्मिथच्या पिक-अँड-रोलला (साथीदाराच्या आडोशाने बचाव फोडायचा डाव) रिंगखाली जागाच उरत नाही. मग पाचवा सी. जे. कॉक्ससारखा बाहेरून शूट करणाराच हवा ना? नडगीच्या फ्रॅक्चरनंतर परतणाऱ्या ७ फूट ४ इंची डॅनियल जेकबसनला किती मिनिटं धरावीत? स्मिथ बसल्यावर बॉल ओमर मेयरकडे की लॉयरकडे? प्लीज, मिनिटांसकट तक्ता टाका.