बहिणीला (वय 21) संधिवात, घरच्यांनी नेमकं काय करावं?

फोंड्याची_ताई
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस निघालाय. डॉक्टर चांगले मिळालेत, मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं औषध सुरू झालंय, त्यामुळे डॉक्टर सुचवा असं विचारत नाहीये, प्रश्न घरातला आहे. आई तिला कशालाच हात लावू देत नाही, बाबा म्हणतात रोज चालायला जा म्हणजे सगळं सुटेल, आणि शेजारचे "इतले ल्हान पिरायेर?" (इतक्या लहान वयात?) करत येतात आणि जाताना एक तेल सांगून जातात. ती पणजीला कॉलेजला, शेवटचं वर्ष. सकाळी बोटं इतकी आखडतात की कुर्त्याचं बटण लावायला मी लागते आणि दुपारी हीच बाई मैत्रिणींबरोबर मिरामार बीचवर, फोटोत खिदळतेय, मग घरात कुजबुज की खरंच दुखतं का हिला. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय, घर भरणार. ज्यांच्या घरात असं तरुण माणूस आहे त्यांनी सांगा ना काय करायचं, काय नाही. वस्तू, सोयी, काहीही चालेल.

डिचोलीकर_27
मी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवाला (मणक्याचा संधिवात), वेर्ण्याला कंपनीत आहे. आधी ती कुजबुज बंद करा. सकाळी आखडणं आणि दुपारी हिंडणं दोन्ही खरं असतं, रात्रभर हालचाल नसली की सांधे धरतात आणि वावरायला लागलं की हळूहळू सैल होतात, या आजारांची ओळखच ती आहे. माझं तर पडून राहिलो की जास्त बिघडतं. बाबांचं अर्धं बरोबर आहे, व्यायाम हवाच, पण तिचा सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती, बाकीच्या दिवशी चालणं, पोहणं. आणि "कशी आहेस?" हे दिवसातून दहा वेळा विचारू नका, वैताग येतो हो, त्यापेक्षा "आज डबा तू भरतेस की मी भरू?" असं विचारा. उत्तर रोज वेगळं येईल, ते मान्य करायचं, काल जमलं मग आज का नाही हा हिशोब नको.

म्हापशेकर
निर्गुंडीचं तेल कोमट करून लावा, आंबट आणि वांगं बंद. आमच्याकडे एक जण पुडी देतो, आठ दिवसात माणूस धावायला लागतो.

वॉर्ड_नंबर_नको
@म्हापशेकर आठ दिवसात धावायला लावणाऱ्या पुडीचीच भीती वाटते. मी नर्स आहे. असल्या बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आधी छान वाटतं मग चेहरा सुजतो, शुगर चढते, आणि एकदम बंद केली की माणूस कोसळू शकतो. तेल लावायचं तर लावा, फक्त सुजलेला सांधा रगडू नका. आंबटाचं म्हणाल तर तिला स्वतःला एखादी गोष्ट बाधते असं वाटलं तर टाळा, उगाच सोलकढी तोडू नका पोरीची.

ताई, तुझ्यासाठी महत्त्वाचं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मळमळ होते बऱ्याच जणांना, त्यामुळे शनिवारी रात्री बरं पडतं, डॉक्टरांना विचारून बदला. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका, लिव्हरसाठी असतात त्या. पार्टीत बिअर, फेणीचं काय ते तिने डॉक्टरांशी स्पष्ट बोलावं, आईसमोर नको. आणि या गोळीवर असताना गरोदरपण चालत नाही, पुढे लग्न झालं की आधीच सांगायचं म्हणजे औषध बदलून देतात. मुलं होत नाहीत वगैरे नातेवाईक म्हणतील ते सोडून द्या.

फोंड्याची_ताई
वार कोणी इतका ठासून सांगितला नव्हता, थँक्यू. स्वयंपाकघर आणि परीक्षेचं कोणी सांगेल का? तीन तास लिहिणं तिला अशक्य वाटतंय.

पेडण्याची_सून
मला स्वतःला कॉलेजपासून आहे. घरात बरण्यांची झाकणं सैल ठेवा, एवढ्यानेच माझी निम्मी भांडणं मिटली. आदोळीवर (विळीवर) नारळ खवणं बंद, मिक्सर आहे. पातेलं दोन कानांचं, दोन्ही हातांनी उचलता येतं. स्कूटरचा ब्रेक दाबायला जड जात असेल तर गॅरेजवाल्याकडून हलका करून घ्या, मनगटाचे हाल होतात. बस असेल तर कदंबची पहिली पायरी उंच असते, सकाळी गुडघा धरलेला असताना ती चढणं म्हणजे डोंगर, तेव्हा तिला दांडा धरायला मोकळा हात हवा, बॅग तुम्ही घ्या.

चवथीला सगळ्यातून बाजूला बसवू नका हं, फार लागतं मनाला. नेवऱ्यांना (करंज्यांना) मुरड घालणं बोटांना जमत नाही पण सारण भरणं जमतं, मुरडीला साचा घ्या, सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत. माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट) बांधायला हात वर करून उभं राहायचं नाही पण कुठलं फळ कुठे ते तिला ठरवू द्या. आणि पाहुण्यांना आजाराचं सांगायचं की नाही हे तीच ठरवणार, आई नाही.

कोर्टाच्या_पायऱ्या
परीक्षेचं: 2021 ला सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी केसमध्ये सांगितलं की लेखनिक मिळायला 40 टक्के अपंगत्वच पाहिजे असं नाही, लिहायला खरी अडचण असली तरी पुरे. त्यावर 2022 ला केंद्राच्या गाइडलाइन्स आल्या, लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटं जादा वेळ, सर्टिफिकेट लागतं. कॉलेजमधला क्लार्क नाही म्हणेल, प्रिन्सिपलना लेखी द्या आणि पोच घ्या.
खर्चासाठी गोवा सरकारच्या विमा योजनेचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड आहे का? तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार. तिचं औषध त्यात बसतं का ते गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळीला जाऊन आधी विचारा, बिलं झाल्यावर नको.

फोंड्याची_ताई
कार्ड आहे, रिन्यू करायचं राहिलंय. अर्ज परीक्षेच्या किती आधी द्यायचा?

कोर्टाच्या_पायऱ्या
फॉर्म भरतानाच जोडून टाका. हॉलतिकीट आल्यावर गेलात तर "आता काही होत नाही" हेच ऐकाल.