सुवॉनमध्ये वजनासाठी कोरियन काढा सुचवलाय, घेऊ का?

सुवॉनची_सून: नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे, कोरियातल्या सुवॉन शहरात आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर चढलेलं वजन उतरायचं नाव घेत नाही. शेजारीण मला हानुईवॉनमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, मग यंत्रावर उभं करून चरबी मोजली आणि तुमची प्रकृती 'थेउमिन' (इथल्या चार प्रकृतींपैकी एक) म्हणाल्या. थेउमजोवीथांग नावाचा काढा सुचवलाय, सीलबंद पाकिटांतून मिळतो. माझी सकाळची थायरॉइडची गोळी चालू आहे. सासूबाई म्हणतात झाडपालाच तो, घे बिनधास्त. आई म्हणते हात लावू नकोस.

खवय्या_पुणेकर: भात सोडा, पैसे वाचतील.

डेजॉनचा_दादा: पुणेकर, कोरियात राहून भात सोडायचा म्हणजे उपासच की! ताई, मी इथे औषधशास्त्रात पीएचडी करतोय आणि हे वजनाच्या काढ्यांवरचे निबंध वाचणं माझ्या वाट्याला आलंय.

मूळ पाठात, म्हणजे काढ्याच्या कृतीत, आठ द्रव्यं आहेत. सुकवलेले चेस्टनट, मुळ्याचं बी, ओमिजाची आंबट फळं, अशी बरीचशी निरुपद्रवी. पण शेवटी मह्वांग, म्हणजे एफेड्राच्या वाळक्या काड्या. वजनाच्या कामी खरा राबतो तो हाच. त्यातलं इफेड्रीन भूक मारतं, नाडी पळवतं आणि झोप उडवतं. गंमत म्हणजे ली जे-मा (1837–1900) यांनी चार प्रकृतींची पद्धत मांडली, त्यात हा पाठ बारीक होण्यासाठी नव्हताच. जेवल्यावर पोट गच्च होणं, पायांत बळ नसणं असल्या तक्रारींसाठी होता. वजनासाठी त्याची चलती पुढे झाली.

उपयोग होतो का? थोडा होतो. 2003 मध्ये अमेरिकेत एफेड्रा आणि इफेड्रीनवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या बनावट गोळीपेक्षा महिन्याला सुमारे 0.9 किलो जास्त उतरलं, तेही थोड्या महिन्यांपुरतं. धडधड, चिडचिड, पोटाच्या तक्रारी मात्र दुपटी-तिपटीने. पुढच्याच वर्षी तिथे एफेड्राच्या पूरक गोळ्यांवर बंदी आली.

शिवाय काढ्याची चाचणी घेणंच अवघड. त्याच्यासारखाच कडू, त्याच वासाचा बनावट काढा करायचा कसा? आणि केला तरी छाती धडधडली की रोग्याला कळतंच आपल्याला खरा मिळालाय. त्यात चाचणीत सगळ्यांना एकच पाठ, दवाखान्यात मात्र दर माणसाला मात्रा वेगळी. म्हणून 'सिद्ध झालंय' असं कुणी ठासून सांगितलं तर मी जरा सावध होतो.

तुमच्या बाबतीत मला खटकते ती थायरॉइडची गोळी. ती जास्त झाली तरी हृदय पळतं, इफेड्रीननेही पळतं. दिवसाला मह्वांग किती ग्रॅम, एवढं विचाराच.

वैद्य_नाशिककर: दादांशी सहमत. आपल्याकडे हिमालयात याच कुळातली वनस्पती होते, सोमलता म्हणतात, श्वासविकारात वापरतो. पण रक्तदाब, हृदय आणि झोप विचारल्याशिवाय देत नाही. सासूबाईंना सांगा, विषारी कुचलाही झाडपालाच आहे.

सुवॉनची_सून: फोन केला. गोळीचं माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं की त्यांनी विचारलं नव्हतं, देव जाणे. ऐकल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आधी टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा, मग मह्वांग वगळून पाठ बसवता येतो का बघू. कॉफी किती पिता हेही विचारलं. दिवसाला तीन मग सांगितले तर गप्पच झाल्या.

डेजॉनचा_दादा: बरोबर आहे, कॅफीन आणि इफेड्रीन एकमेकांना चढवतात. एक राहिलं: बाळ अजून अंगावर पितंय का? पीत असेल तर मह्वांगचा विषयच बंद. इफेड्रीन दुधातून जातं, रात्री झोपणार नाही ते.