आईच्या शिंका आणि बिनकेसांचं मांजर: स्फिंक्स आणावं का?

नेरुळकर: आईला मांजराचं वावडं आहे, शिंकांवर शिंका. स्फिंक्सला केसच नसतात, म्हणून तेच आणायचं म्हणतोय. झाडलोटही वाचेल. ऑनलाइन एक पिल्लू दिसलं. विकणारा म्हणतो अर्धे पैसे आधी पाठवा, पिल्लू पनवेलला आणून देतो. बायकोचा ठाम विरोध. बोला.

खारघरची माऊ: माझ्याकडे चार वर्षं आहे, बाळ्या नाव त्याचं. झाडलोट वाचते, धुणं वाढतं! इतर मांजरांच्या अंगचं तेल केसांत जिरतं, याचं चादरीला लागतं. माझ्या उशीच्या अभ्र्यावर बाळ्याच्या मापाचा तपकिरी डाग आहे, सोडा-व्हिनेगर सगळं करून झालं. आठवड्याला कोमट पाण्याने अंघोळ, मानेच्या वळ्या पुसणं, कानातला मळ काढणं. पावसाळ्यात अंग ओलं राहू द्यायचं नाही. तरीही सांगेन, आणाच. रात्री पोटाशी येऊन झोपतो तेव्हा शेकायची पिशवी लागत नाही. (थंडी खारघरची आहे, हसू नका.)

नको रे बाबा, ठाणे: शिंका थांबणार नाहीत. वावडं केसांचं नसतं, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाचं असतं. ते स्फिंक्सलाही आहेच. आणि मुळात ही जात हवी कशाला? १९६६ला टोरांटोत असं एक पिल्लू जन्मलं, निसर्गाची चूक. माणसाने अशा चुका हौसेने पुढे चालवल्या. बिचाऱ्यांना मिशाही धड नसतात. नेदरलँड्सने पैदाशीवर बंदी घातलीये ती उगाच नाही.

खारघरची माऊ: मग चपट्या नाकाच्या पर्शियनचं काय? ती बरी चालतात सगळ्यांना.

नको रे बाबा, ठाणे: मला तीही चालत नाहीत.

घोडबंदरवाला: भांडा नंतर. आमची साडेतीन वर्षांची होती. एका सकाळी तोंड उघडून धापा टाकायला लागली, दुपारपर्यंत गेली. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. या जातीत हा आजार आढळतो. पिल्लाच्या आईबापाच्या हृदयाचा इको रिपोर्ट मागा. मी नुसते फोटो बघून पैसे दिले होते.

नेरुळकर: मागितला. उत्तर आलं, ‘कॅट एकदम हेल्दी है सर’, आणि खाली परत क्यूआर कोड.

खारघरची माऊ: ब्लॉक करा त्याला. रविवारी आईंना घेऊन या, तासभर बाळ्याजवळ बसू देत. चादर बदलून ठेवते.